सावली कोणत्या बाकावर पाहिजे?

बागेतल्या झाडांवरची पत्रं यावेळी इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलले. नागपुरात आता ठिकठिकाणी लेआउटच्या बागांचे इस्टिमेट बनून राहिले, पावसाळ्यात लागवड होईल आणि एकदा झाड लागलं की पुढची तीस-चाळीस वर्षं तेच, म्हणून हे आत्ताच बोललेलं बरं.

प्रश्न: आमच्या लेआउटच्या बागेसाठी कमिटीनं करंज, जांभूळ, बकुळ अशी यादी दिली होती. ठेकेदारानं ती बदलून गुलमोहर, काशीद आणि कोनोकार्पस टाकले, रोपंही लहान घेतली. विचारलं तर म्हणतो 'व्हॅल्यू इंजिनिअरिंग केलं, तुमचेच पैसे वाचवले'. हे खरंच असं असतं का?
— एक वाचक, बेसा

उत्तर: नाही, असं नसतं. त्यानं जे केलं त्याला खर्च कापणं म्हणतात. व्हॅल्यू इंजिनिअरिंग ही पद्धत अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स नावाच्या इंजिनिअरनं १९४७ च्या सुमारास बसवली. दुसऱ्या महायुद्धात माल मिळत नव्हता, हवा तो धातू नाही, हवा तो पार्ट नाही, तेव्हा पर्चेसवाल्यांना विचारावं लागायचं की बाबा ही वस्तू नेमकं काम काय करते, आणि तेच काम दुसरं काय करू शकेल. कितीदा तरी पर्याय स्वस्तही निघायचा आणि कामालाही चांगला ठरायचा. युद्धानंतर माइल्सनं याचीच शिस्तशीर पद्धत केली. मूल्य म्हणजे काम भागिले खर्च, सगळा हिशोब एवढाच. पण काम वर आहे हे लक्षात ठेवा. खर्च अर्धा केला आणि काम पाव झालं तर मूल्य वाढलं नाही, निम्म्यावर आलं.

आता तुमच्या यादीकडे या. बागेत झाडाचं पहिलं काम काय, तर आपल्याकडे सावली, त्यातही एप्रिल ते जूनची सावली, पारा ४५ ला टेकतो तेव्हाची. गुलमोहर हे मूळचं मादागास्करचं झाड, फुलतं सुंदर, त्याबद्दल वाद नाही, पण आपल्याला सावली सगळ्यात जास्त लागते त्याच दिवसांत ते बहुतेक उघडं असतं, मे महिन्यात फुलं येतात तेव्हाही पानं विरळच असतात. वरून लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, आणि जूनच्या तोंडावर जी वावटळ येते त्यात फांद्या कुठं पडतात ते तुम्ही दरवर्षी बघताच. काशीदबद्दल इतकं वाईट बोलणार नाही, लवकर वाढतो, सावलीही देतो, रस्त्याकडेला थोडा असला तर चालेल. कोनोकार्पस मात्र सरळ बाद करा. मुळं पाइपलाइनमध्ये शिरतात, परागकणांच्या तक्रारी आहेत, पाखरांच्या फारसं कामाचं नाही, आणि गुजरात सरकारनं तर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. शेजारच्या राज्यानं बंद केलेलं झाड आपण नव्यानं लावायचं याला काही अर्थ नाही.

लहान रोपांचं पण बघा. समजा रोप ६० रुपयांचं आहे आणि खड्डा, माती-खत, ट्री गार्ड आणि तीन उन्हाळ्यांचं टँकरचं पाणी मिळून झाडामागे २५०० रुपये लागतात. १०० रोपं लावली, खर्च २,५६,०००, आणि तीन वर्षांनी जगली ४०. म्हणजे एक जगलेलं झाड ६,४०० ला पडलं. दुसरीकडे ४०० रुपयांचं तयार रोप घेतलं, खर्च २,९०,००० आणि जगली ९०, तर एक झाड साधारण ३,२२० ला पडतं. आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या बागेचे तुम्ही टाका, पण गणित असंच मांडायचं, जगलेल्या झाडामागे खर्च किती. आपण कूलर घेतानासुद्धा नुसती किंमत बघत नाही, वीज किती खातो, पंप किती टिकतो, खस दरवर्षी बदलायला किती जातात ते सगळं विचारतो ना, मग चाळीस वर्षांच्या झाडाला नुसत्या रोपाच्या भावावर कसं निवडायचं?

कमिटीनं ठेकेदाराला एकच गोष्ट लेखी मागावी: बदललेलं प्रत्येक झाड आधीच्या झाडाचं काम करतं का, आणि दहा वर्षांत पाणी, छाटणी, मुळांनी उखडलेले गट्टू (रस्त्यावरचे सिमेंटचे ब्लॉक), पुन्हा लागवड धरून खर्च किती. हे दोन रकाने भरून आले तर बोलायचं, नाहीतर जुनी यादी कायम.

प्रश्न: सर मी सिव्हिल थर्ड इयरला आहे, आमच्या मोहल्ल्याच्या बागेसाठी झाडांची निवड व्हॅल्यू इंजिनिअरिंगनं करायचा प्रोजेक्ट घेतलाय. पुस्तकात सगळी उदाहरणं पंप न व्हॉल्व्हची आहेत. झाडाला फंक्शन कसं लावायचं?
— एक विद्यार्थिनी, प्रताप नगर

उत्तर: छान विषय घेतला. फंक्शन म्हणजे ती वस्तू करते ते काम, ते दोन शब्दांत लिहायचं असतं, एक नाम एक क्रियापद, ते इथंही तसंच. सावली देणे. धूळ अडवणे. पाणी मुरवणे. पाखरं जगवणे. आवाज अडवणे. आणि एक यादी नको असलेल्या कामांचीही कर, कारण झाड तीही करतं: गट्टू उखडणे, वायर अडवणे, फांदी पाडणे. पंप हे उलटं काम क्वचित करतो, झाड करतंच, म्हणून ही दुसरी यादी विसरू नको.

पण त्याच्याही आधी बागेत जाऊन बस. दिवसभर. कोण कधी येतं ते लिहून काढ. आपल्याकडे सगळे सांगतात जॉगिंग ट्रॅकवर सावली पाहिजे, आणि ट्रॅकवर माणसं असतात सकाळी साडेपाच ते साडेसात, नाहीतर संध्याकाळी सहानंतर, म्हणजे ऊन नसतंच किंवा तिरकं असतं. दुपारी चार-साडेचारला कोण असतं? शाळेतून आलेली पोरं घसरगुंडीपाशी, त्यांना घेऊन आलेल्या आज्या बाकावर, आणि जेवणानंतर आडवे झालेले आटोवाले. सावलीचं काम त्यांच्यासाठी आहे. आता बघ चार वाजता मे महिन्यात सूर्य कुठं असतो. नागपूर साधारण २१ अक्षांशावर, मे महिन्याच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि उतरताना सरळ पश्चिमेला न उतरता जरा उत्तरेकडे सरकून उतरतो. म्हणजे बाकावर चारची सावली पाहिजे तर झाड बाकाच्या पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे लागतं. बाकाच्या पूर्वेला कितीही मोठा वड लावला तरी नवतप्याच्या दुपारी चार वाजता त्या बाकाला त्याचा उपयोग नाही. ही गोष्ट फुकट आहे, एक रुपया जास्त लागत नाही, फक्त खड्डा सहा-सात फूट इकडे का तिकडे, आणि माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोठी बचत हीच निघेल.

मग वजनं ठरव. चार कामं घे: सावली, सुरक्षित असणं, कमी पाण्यात जगणं, पाखरांना खाऊ. दोन-दोनची जोडी लावून विचारायचं, या जागेवर यातलं जास्त महत्त्वाचं कोणतं. सहा जोड्या होतात. हे तू एकटीनं घरी बसून करू नको, बागेत येणाऱ्या चार-पाच जणांना विचार, माळ्याला नक्की विचार. समजा आज्यांच्या बाकापाशी सावली तिन्ही जोड्या जिंकली, सुरक्षितता दोन, पाणी एक, पाखरं शून्य. प्रत्येकात एक मिळव म्हणजे कोणी शून्य राहत नाही, वजनं झाली ४, ३, २, १. आता प्रत्येक कामात झाडाला पाचपैकी मार्क दे, मार्काला त्या कामाच्या वजनानं गुण आणि सगळ्यांची बेरीज कर. माझ्या अंदाजानं करंजाला सावली ५, सुरक्षितता ४, पाणी ४, पाखरं २, बेरीज ४२. जांभळाला ५, २, ३, ५, कारण फांद्या ठिसूळ आणि खाली फळांचा चिखल, बेरीज ३७. गुलमोहराला २, १, ३, १, बेरीज १८. करंज निवडलं.

आता तोच कागद बागेच्या मागच्या कोपऱ्यात ने, जिथं माणसं बसत नाहीत, मागं नाल्याची भिंत आहे. तिथं पाखरं ४, पाणी ३, सावली २, सुरक्षितता १. मार्क तेच ठेव, फक्त वजनं बदल. करंज ३४ वर येतं आणि जांभूळ ४१ वर जातं. झाडं तीच, मार्कही तेच, जागा बदलली आणि निवड उलटली. गुलमोहर दोन्हीकडे १८ च राहतं. म्हणून 'नागपूरसाठी सगळ्यात चांगलं झाड कोणतं' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कोणत्या बाकासाठी ते विचारलं तर आहे.

शेवटी या बेरजेला दहा वर्षांच्या खर्चानं भाग द्यायचा. इथं बकुळ थोडी मागे पडते, गुण भरपूर पण वाढ हळू, म्हणजे गार्ड आणि पाणी जास्त वर्षं. तरी जागा अरुंद असेल, बाजूला चालायचा रस्ता असेल तिथं ती घ्यावी, बारमाही हिरवी, आटोपशीर, कचरा कमी. आणि मार्क द्यायच्या आधीच एक चाळणी लाव, ज्यात नापास झालेलं झाड पुढं येतच नाही: खेळायच्या जागेजवळ पिवळी कण्हेर नको कारण विषारी, बाभूळ नको कारण काटे, विजेच्या तारेखाली उंच जाणारं काहीच नको. नाहीतर काय होतं, विषारी झाड बाकीच्या रकान्यांत मार्क मिळवून पास होऊन जातं.

प्रश्न: आमच्या बागेत दोन जांभळं आहेत आणि खालीच चालायचा रस्ता. जूनमध्ये फळं पडून सगळं काळंनिळं आणि घसरडं होतं, एक बाई पडून हात मोडला. आता काही लोकं झाडं तोडाच म्हणून मागे लागलीत. मला तोडायची नाहीयेत, सकाळी त्यावर किती पाखरं असतात. काय करू?
— एक काकू, धरमपेठ

उत्तर: काकू, झाडं तोडू देऊ नका. आपल्याकडे महाराष्ट्रात शहरातली झाडं १९७५ च्या कायद्यानं संरक्षित आहेत, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड तर हेरिटेज धरतात. तुमची जांभळं त्या वयाची असू शकतात, बुंध्याचा घेर मोजून ठेवा, जुन्या लोकांना विचारून ठेवा.

पण पडलेल्या बाईंचं दुखणंही खरं आहे, ते बाजूला सारू नका, नाहीतर मीटिंगमध्ये तुम्ही एका बाजूला आणि लोकं दुसऱ्या बाजूला असं होईल. झाड आपलं काम नीट करून राहिलं, चुकीच्या जागी आहे तो रस्ता. तीन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे. तेवढ्या दिवसांसाठी रस्ता दहा-बारा फूट वळवा, दोन खांब आणि दोरी लागते फक्त. झाडाखालचे गट्टू काढून तिथं मुरूम किंवा माती मोकळी ठेवली तर फळं मातीत पडतात, घसरत नाही, पाणीही मुरतं. तसंही बुंध्याला लागून सिमेंट नकोच, राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबद्दल बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं, तो आदेश मीटिंगमध्ये दाखवायला कामाचा आहे. आणि फळं आली की खाली जुनी हिरवी जाळी बांधा, शाळेच्या पोरांना बोलवा, जांभळं शिल्लक राहणार नाहीत.

प्रश्न: एवढं सगळं कशाला, सगळीकडे कडुनिंब लावा, विषय संपला. कमी पाणी, औषधी, सावली, आपलं झाड. चुकीचं आहे का?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर: कडुनिंबाबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतं आणि ऊन चढायच्या आत नवीन पालवी तयार, एप्रिल-मेमध्ये गच्च सावली, आपल्या हवामानाला याहून जास्त जुळणारं झाड शोधून सापडायचं नाही. हिंगण्याकडे मुरमाड उताराची जमीन आहे, तिथं तर लावाच.

अडचण दोन ठिकाणी येते. काळ्या मातीत जिथं पावसाचं पाणी तुंबतं तिथं कडुनिंब रडतं, त्याला पाय ओले चालत नाहीत. तिथं अर्जुन, ज्याला आपल्याकडे कहू म्हणतात, किंवा करंज, जांभूळ घ्या, ही नाल्याकाठची झाडं आहेत, पाण्यात उभी राहतात. दुसरं म्हणजे रोग. तेलंगणात मागच्या काही वर्षांत कडुनिंबाचे शेंडे वाळायचा बुरशीजन्य रोग मोठ्या प्रमाणावर दिसला, जुनी-जुनी झाडं तपकिरी पडली. आपण तिथून लांब नाही. बागेत ६० पैकी ५५ कडुनिंब असतील आणि असं काही आलं तर एका हंगामात अख्ख्या बागेची सावली जाईल. फ्रँक सांतामूर या अमेरिकन वनस्पती-शास्त्रज्ञानं १९९० मध्ये सोपा नियम सांगितला, एका जातीची झाडं १० टक्क्यांवर नको, एका प्रजातीगटाची २० वर नको, एका कुळाची ३० वर नको. छोट्या बागेत तंतोतंत पाळणं जमत नाही, मी तर म्हणतो कडुनिंब चौथा हिस्सा ठेवा आणि बाकीच्यात करंज, बकुळ, चिंच, कवठ, आवळा, मोह वाटून टाका. वर त्या मुलीला जी बेरीज करायला सांगितली तिच्यातही हा धोका आहे, प्रत्येक खड्ड्याला वेगवेगळे मार्क दिले तर प्रत्येक वेळी तेच झाड पहिलं येऊ शकतं. म्हणून शेवटी अख्ख्या बागेची यादी एकत्र ठेवून बघायची.

मोहाचं मुद्दाम नाव घेतलं. विदर्भाचं झाड, पण शहरातल्या बागेत कोणी लावत नाही, आणि नर्सरीत विचारलं तर लोकं चमकून बघतात. मोठ्या बागेत एक तरी लावा.

प्रश्न: माझं वय ७६. कमिटीवाले म्हणतात झाडं लावली, सात-आठ वर्षांत सावली येईल. माझं काय?
— एक वाचक, लक्ष्मी नगर

उत्तर: काकाजी, तुम्ही अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. काम 'सावली देणे' असं लिहिलं तर ते झाडानंच करायला पाहिजे असं कुठं आहे? बाकावर लोखंडी पाइपचा मांडव करा, त्यावर मधुमालती चढवा, एक-दोन पावसाळ्यांत गच्च होते. पश्चिमेला झाड लावलेलं असेलच, ते मोठं झालं की मांडव दुसऱ्या बाकावर न्या. पहिल्या उन्हाळ्यापुरती वर हिरवी जाळी टाका. इस्टिमेटमध्ये 'पहिल्या पाच वर्षांची सावली' अशी वेगळी ओळ टाकायला सांगा, ती नसते म्हणूनच तुमच्यासारख्यांना हा प्रश्न पडतो. मीटिंगला तुम्ही स्वतः जा, तुमचं म्हणणं ते टाळू शकणार नाहीत.

प्रश्न: रोपं विकत घेताना काय बघायचं आणि कधी लावायची?
— अनेक वाचक

उत्तर: उंचीवर जाऊ नका. सहा फुटी रोप छोट्या पिशवीत दोन-तीन वर्षं उभं असेल तर खाली मुळं जिलबीसारखी गोल फिरलेली असतात, तसंच लावलं तर चार-पाच वर्षांनी एका वाऱ्यात आडवं होतं. नर्सरीवाल्याला एक पिशवी फाडून दाखवायला सांगा. मुळं पांढरट, सरळ खाली गेलेली असली तर लॉट घ्या. तळाशी गोल वेटोळं जाड झालेलं असेल तर परत करा, थोडंसंच असेल तर तेवढं ब्लेडनं कापून लावता येतं.

खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून ठेवा, मीटरभर लांब-रुंद-खोल, ऊन खाऊ द्या. काळ्या मातीत तळाशी मुरूम टाका आणि खड्ड्यातून पाणी बाहेर जाईल असा उतार बघा. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरातच पडतो, म्हणून दोन-तीन चांगले पाऊस झाले, जमीन खोलवर भिजली की जूनच्या शेवटी ते जुलैत लावून टाका म्हणजे मुळांना तीन महिने मिळतात. ऑगस्टच्या शेवटी फोटोसाठी लावलेल्या रोपांना तेवढा वेळ मिळत नाही. दिवाळीनंतर आळ्यात वाळक्या पानांचा जाड थर टाका, जाळू नका, आणि तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची जबाबदारी कोणाची ते नावासकट लागवडीआधी वहीत लिहून घ्या.